बाजूचं दार

प्रिय बाळ्या,

'प्रिय' लिहिताना पेन जरा अडलं. पण डोकं कितीही फिरलं तरी पोटचा गोळा तो पोटचा गोळा, म्हणून लिहिलंय. पुढचं सगळं मात्र रागाने लिहिणार आहे, तेव्हा एका जागी बूड टेकून वाच, सिग्नलला गाडी थांबवून वाचू नकोस. फोन का नाही केलास म्हणशील. फोनवर तू 'हं आई, बोल आई' करत दुसऱ्या हाताने ऑफिसचं काम करत असतोस. तुझं कुठलं 'हं' खरं आणि कुठलं वरवरचं, हे मी तू हुंकार द्यायला लागलास तेव्हापासून ओळखते. शिवाय गाडीत तुझा फोन स्पीकरवर असतो आणि मागे टिकली बसलेली असते. पोर एवढीशी, पण कान सशाचे. हे तिच्या कानावर माझ्याकडून जायला नको आहे.

हॉटेलातून परत आल्यापासून तू मला एकदाच फोन केलास, तोही माझी शाल तुमच्या बॅगेत आल्याचं सांगायला. त्या दिवशी बागेत जे झालं त्याबद्दल चकार शब्द नाही. सूनबाईंनी तर अबोलाच धरलाय. म्हणजे तुमच्या घरात असं ठरलेलं दिसतंय की आईने चारचौघांत तमाशा केला आणि आता तुम्ही मोठ्या मनाने तो पोटात घालायचा. नको घालूस. तमाशा कोणी केला ते मी सांगते, कारण तू तिथे होतास खरा, पण तुझं लक्ष पुढची राइड किती वाजता आहे तिकडे होतं.

तू आलास आणि म्हणालास, आई, सगळे मिळून जाऊ, मोठं हॉटेल आहे, शेजारीच ती खेळांची बाग आहे, टिकली म्हणते आजी हवीच. खरं सांगू, मला भरून आलं. तुझे बाबा गेल्यापासून तू मला दवाखाना आणि लग्नं सोडून कुठे नेलं नव्हतंस. मी शेजारणीला इतक्या वेळा सांगितलं की बिचारी मला जिन्यात चुकवायला लागली. नवे बूट घेतले. ते चावू नयेत म्हणून रोज संध्याकाळी बिल्डिंगभोवती फेऱ्या मारल्या. वॉचमनने विचारलं, काकू, शर्यतीत भाग घेताय की काय. म्हटलं, हो, माझ्या नातीशी आहे.

हॉटेल छानच होतं, उगाच नावं कशाला ठेवू. आत शिरल्याबरोबर तो वास, खोट्या दगडांवरून पडणारं खरं पाणी, पाय रुततील असे गालिचे. खोलीत टॉवेलांचे दोन हंस करून पलंगावर ठेवले होते आणि ते मोडायचे नाहीत म्हणून टिकलीने अंघोळीनंतर अंग माझ्या साडीला पुसलं. काचेच्या लिफ्टमधून ती माझा हात घट्ट धरून खाली बघायची. गॅलरीत उभं राहिलं की बागेतल्या त्या किंचाळायच्या गाडीचा आवाज यायचा, आधी खडखड, मग क्षणभर काही नाही, मग शंभर माणसांचा एकदम आरडाओरडा. पहिल्या संध्याकाळी आपण चौघं तिथे उभे होतो, तू माझ्या खांद्यावर हात टाकलास आणि म्हणालास, आई, मजा येतेय ना? मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं होतं रे.

हॉटेलातून बागेकडे जाणारी ती चकाचक बस आठव. तिला कंडक्टरच नाही. सगळे सुशिक्षित लोक दारात बोळा कोंबल्यासारखे घुसले आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या, रांगेत या, रांगेत! सगळे गपकन मागे सरले. तू मात्र खिडकीबाहेर बघायला लागलास, जणू ही बाई तुझी कोणी लागतच नाही. बाळ्या, त्याच ओरडण्यावर तुझं शिक्षण झालंय. तुझ्या आईने अख्खी नोकरी बसमध्ये उभ्याने काढली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की बसलेले लोक पुढच्या सीटवर आपटायचे आणि मी एका हातात तिकिटं, दुसऱ्या हातात सुटे घेऊन, दांडी न धरता उभी असायचे. डेपोतले लोक म्हणायचे, बाईंच्या पायांना मुळं आहेत. मला कोणी सुंदर म्हटलं नाही, हुशार म्हटलं नाही. पायांचं मात्र सगळ्यांनी कौतुक केलं.

आणि रांग लागल्याशिवाय मी घंटी मारत नसे. तू पाचवीत असताना पावसाची सर चुकवायला म्हणून माझ्याच बसला उतरायच्या दाराने चढलास, 'आई' म्हणून गोड हसलास. मी तुला खाली उतरवलं आणि रांगेच्या शेवटी उभं केलं. भर स्टॉपवर रडलास. लोक मला म्हणाले, बाई की कसाई! घरी आल्यावर तुझं डोकं पुसताना मी सांगितलं होतं की जे भिजत उभे होते त्यांनाही आया होत्या. मला वाटलं होतं, तुला ते कळलं.

आता पहिल्यांदा बागेत गेलो त्या सकाळकडे येते. नाश्त्याच्या वेळी माझा डावा पाय गालिच्यात अडला आणि ताटली हातातून सुटली. तू धावत आलास, कोपर धरलंस, लागलं का विचारलंस. माझ्या पोरालाच आईची काळजी, असं मी सूनबाईंकडे बघत मनात म्हटलं. मी ताटलीचे तुकडे उचलेपर्यंत तू रिसेप्शनवरून चाकांची खुर्ची घेऊन हजर! बाग फार मोठी आहे, आई, ऊन आहे, दमशील, नुसती दारापर्यंत बस. मी नको म्हटलं. तू म्हणालास, टिकलीचा हिरमोड करू नकोस. मी बसले. तुझी आई, जी कुणाच्या सांगण्याने कधी खाली बसली नाही, ती मुकाट्याने का बसली याचं तेव्हा तुला नवल वाटायला हवं होतं. वाटलं नाही. का बसले ते शेवटी सांगते.

बागेच्या दाराशी ती रांग. लोखंडी दांड्यांमधून नागमोडी वळत गेलेली, डोक्यावर ऊन, कडेवर पोरं, एक बाई तर दिवस भरत आलेली, एका हाताने कंबर धरून उभी. तू माझी खुर्ची ढकलत सरळ बाजूच्या दाराकडे नेलीस. तिथल्या मिशीवाल्या माणसाने विचारलं, आजींना चालता येत नाही का? आणि तू, माझ्या डोक्यावरून, आवाज जरासुद्धा हलू न देता म्हणालास, अजिबात नाही हो, कंबरेखाली सगळं गेलंय. मी मान वळवून तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्या खांद्यावर थोपटलंस, आजाऱ्याला थोपटतात तसं. त्या माणसाने साखळी काढली, माझ्यासाठी पाण्याची बाटली आणली, सावलीतून न्या म्हणाला. ती दिवस भरलेली बाई मागे सरली आणि तिने आपल्या मुलाला सांगितलं, आजींना जाऊ दे आधी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. तुझ्याकडे पैसा आहे, म्हणून तू पांगळेपणाचं आणलंस, आणि तेही स्वतःच्या अंगावर नाही, आईच्या.

दिवसभर तेच. प्रत्येक राइडला बाजूचं दार, तुम्ही तिघं आत, आणि मी कठड्याशी लावून ठेवलेली. मांडीवर तुमच्या टोप्या, चष्मे, ओले टॉवेल, सूनबाईंची पर्स. मला मोरीकडे जायचं होतं आणि दहा पावलांवर मोरी होती. पण तिथल्या साखळीवरचा माणूस माझ्याकडे बघून अधूनमधून हसत होता, काही हवं का म्हणून हातानेच विचारत होता. त्याच्यासमोर उठणार कशी? धडधाकट बाई, कळ दाबून बसले होते, सूनबाई येईपर्यंत. त्या आल्या त्या फोनवर बोलत, आपल्या बहिणीशी. बरं झालं आईंना आणलं, नाहीतर निम्म्या राइड राहिल्या असत्या, यांच्या ऑफिसातल्या मित्राने सासूला नेऊन असंच केलं होतं. मला ऐकू येणार नाही असं त्यांना वाटलं म्हणून नव्हे, त्यात लपवण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं. तेव्हा मला कळलं की मला बागेत का आणलंय. आजी हवीच असं टिकली कधी म्हणालीच नव्हती ना रे? तळपायाची आग मस्तकात गेली. तरी गप्प बसले, कारण टिकली समोरून धावत येत होती.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला ऑम्लेटच्या काउंटरवर रांग होती. टिकली माझा पदर ओढून म्हणाली, आजी, खुर्ची आण ना खोलीतून, मग आपला नंबर लगेच लागेल. तू खदखदा हसलास. बघ, कशी तरबेज झालीय, असं शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सांगितलंस. मी तिच्याकडे बघितलं. ती लबाडी करत नव्हती. तिला ते घड्याळ बघायला शिकवावं तसं शिकवलं गेलं होतं, आजीला बसवलं की रांग नाही.

त्याच दिवशी, आकाशपाळण्याच्या बाजूच्या दाराशी. मी पुन्हा खुर्चीतच, कारण तेच, जे शेवटी सांगणार आहे. आपल्या पुढे एक गृहस्थ होते, तुझ्याच वयाचे असतील. त्यांच्या खुर्चीत त्यांची मुलगी, टिकलीहून बरीच मोठी. मान पट्ट्याने धरलेली, हात छातीशी वळलेले, आणि पिवळाधमक फ्रॉक, दोन वेण्या, वेण्यांना रिबिनी. कुणीतरी सकाळी बसून त्या वेण्या घातल्या होत्या. ते गृहस्थ तिच्या कानाशी वाकून तिला वरचे पाळणे दाखवत होते. आपली टिकली पुढे झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, काका, हिला पण तुम्ही रांग चुकवायला बसवलंय? तुम्ही तिला छान शिकवलंय हं, माझी आजी सारखी हलते.

तुझा चेहरा मी पाहिला. तू लाजला नाहीस, तू घाबरलास, साखळीवाल्याने ऐकलं की काय म्हणून. आणि ते गृहस्थ? त्यांनी आधी टिकलीकडे पाहिलं, मग खुर्चीत बसलेल्या माझ्याकडे, मग माझ्या पायातल्या नव्या बुटांकडे. म्हणाले, नाही बाळा, हिला खरंच उठता येत नाही. एवढंच. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिच्या फ्रॉकची कड नीट केली आणि पुन्हा वर बोट दाखवून तिला पाळणे मोजून दाखवायला लागले.

मग मी उठले. तू 'आई, बस, बस खाली' असं दातओठ खाऊन कुजबुजलास, ते मी ऐकलं. सूनबाईंनी माझा दंड धरला, तो मी सोडवून घेतला. सगळे बघत होते आणि मला तेच हवं होतं. साखळीवाल्याला मी सांगितलं, भाऊ, मला चालता येतं, हा माझा मुलगा आहे आणि हा खोटं बोललाय. त्या गृहस्थांपुढे हात जोडले. आणि चालत चालत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. टिकलीने लांबून विचारलं, आजी, खेळ संपला? तुम्ही तिला उचलून हॉटेलवर घेऊन गेलात. मी रांगेत उभी राहिले. ऊन होतं, पाय भरून आले, मधे दोनदा दांडी धरावी लागली. पण माझा नंबर आला आणि मी एकटी त्या पाळण्यात बसून वर गेले. वरून तुमचं हॉटेल दिसत होतं. तुम्ही दिसला नाहीत.

परतीच्या गाडीत तू एवढंच म्हणालास की आई, एवढं काय झालं, कोणाचं काय गेलं? उत्तर द्यायला मी तोंड उघडलं होतं, पण टिकली माझ्या मांडीवर डोकं ठेवून जागी होती. म्हणून आज देते. बाळ्या, गालिच्यात माझा पाय अडला नव्हता. गालिचा सपाट होता. तुम्ही हॉटेलचं ठरवलंत त्याच्या आधीपासून डावा पाय असा मधेच मागे राहतो. मी एकटीच मोठ्या दवाखान्यात जाऊन आले, नसांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी पायात सुया टोचून काय काय तपासलं आणि समोर बसवून सांगितलं की हा आजार बरा होत नाही. औषधाने तो सावकाश वाढेल, पण थांबणार नाही. आधी काठी, मग खुर्ची. कंबरेखाली सगळं जाणार, बाळ्या. शब्दसुद्धा तेच, तू दारावर म्हणालास तेच. मी तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू जाणं रद्द केलं असतंस, आणि मला माझ्या पायांनी टिकलीबरोबर ती बाग फिरायची होती, एकदाच. त्यासाठी बूट घेतले, त्यासाठी फेऱ्या मारल्या. नाश्त्याला अडखळले तेव्हा तू विचारशील आणि मी खोटं बोलू शकणार नाही, या भीतीने मुकाट्याने खुर्चीत बसले. मला चालता येत होतं ते दिवस तू मला बसवून संपवलेस, याचा राग मला आयुष्यभर राहील आणि तो राहू दे, त्याचं मी बघेन. पण हे पत्र त्यासाठी नाही. मी खरीच खुर्चीत बसेन ना, तेव्हा तुझी मुलगी हसत येईल आणि विचारेल, आजी, आज कुठली रांग चुकवायचीय? मला ते सोसणार नाही. खोटं तिला तू शिकवलंस, तेव्हा खरंही तूच सांगायचं. आधी हे सांग की त्या दिवशी आपण खोटं बोललो आणि ते वाईट होतं. तुझ्या तोंडाने सांग, आईवर ढकलू नकोस. मग हे सांग की आजीचे पाय आता खरंच जाणार आहेत. ती रडली तर रडू दे, जवळ घे. हे झाल्याशिवाय माझ्याकडे येऊ नकोस. झालं की तिला घेऊन लगेच ये, रविवारची वाट बघू नकोस. गाडी लांब कोपऱ्यावर लाव. कोपऱ्यापासून घरापर्यंत तिच्याबरोबर चालायला मी खाली येऊन थांबेन.

रागावलेली, पण तुझीच,
आई